गोळी बाईची, वेळ घराची

गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथा महिना लागला की रोज एक, अशा 180 गोळ्या बाळंतपणाआधी आणि तेवढ्याच बाळंतपणानंतर. सगळ्या फुकट. गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या वाटायचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे 1970 साली सुरू झाला, म्हणजे आज ज्या आजी आहेत त्यांच्या पहिल्या खेपेलाही ही गोळी होती. औषध जुनं, स्वस्त आणि गुण माहीत असलेलं. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा 48 टक्के होता. गरोदरपणी 180 दिवस किंवा त्याहून जास्त गोळी घेतलेल्या बायका देशभरात फक्त 26 टक्के भरल्या.

गोळीत खोट नाही. साठा संपला, वरून पुरवठाच झाला नाही, असे महिने येतात आणि त्यावर ओरड व्हायलाच हवी. पण मी बीड जिल्ह्यात, धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यात आशाताईंच्या प्रशिक्षणाचं काम करते, आणि मला जास्त छळतात ती घरं, जिथे गोळ्या पोचलेल्या आहेत. रजिस्टरात वाटप झाल्याची नोंद असते, माता-बाल संरक्षण कार्ड भरलेलं असतं. बाई तपासणीला येते तेव्हा मात्र तिच्या पापणीच्या आतली कड पांढरीफटक असते आणि दवाखान्याच्या चार पायऱ्या चढून तिला धाप लागलेली असते.

अशाच एका घरी आशाताईंबरोबर गेले होते. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे पडवी. सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. सून सहा महिन्यांची, रानात गेलेली. आशाताईंनी कार्ड मागितलं तशी सासूबाईंनी रेशनकार्डाची पिशवी काढून दिली. कार्ड त्यात होतं. गोळ्या देव्हाऱ्यामागे होत्या, तीन पाकिटं, रबर लावलेली. त्यातलं एकच फोडलेलं, आणि त्यातल्याही चार-पाचच गोळ्या गेलेल्या.

"मावशी, गोळ्या तशाच हैत की."

"असू दे. सातवा सरला की घेईल." त्यांचे हात थांबले नाहीत. "लै गोळ्या खाल्ल्या की लेकरू पोटात मोठं होतंय."

"मोठं झालं तर चांगलंच हे की."

"काय चांगलं? मग पोट फाडतेत."

यानंतर त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी वहीत लिहायला घेतलेलं वाक्य तिथंच सोडलं. त्यांच्या लेकीचं सिझर खासगीत झालं होतं. त्यापायी दुभती म्हैस गेली आणि वर व्याजाने पैसे काढावे लागले. लेक पुढे कितीतरी दिवस वाकून चालत होती. लेकीने गरोदरपणात गोळ्या नेमाने घेतल्या होत्या, बाळही चांगलं वजनदार होतं. या दोन गोष्टींची सांगड त्यांनी आपल्या मनाशी घातली होती. त्यांच्या डोळ्यांसमोर जे घडलं त्यातून निघणारा हिशेब होता तो. आमच्या अहवालांत मात्र अशा बाईसाठी 'गैरसमज' आणि 'अंधश्रद्धा' असे दोनच रकाने असतात. तिने काय पाहिलं, काय गमावलं, हे लिहायला जागाच नसते.

लोहामुळे बाळ फुगत नाही. लोह जातं ते बाईच्या रक्तात. गरोदरपणी तिचं रक्त जवळजवळ दीडपट व्हावं लागतं, बाळाचं आणि वारेचं वेगळंच. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर बारा हिमोग्लोबिनची बाई जे सोसून जाते, ते सात-आठ हिमोग्लोबिनच्या बाईला झेपत नाही. हे आम्हाला तोंडपाठ असतं, आशाताईंनाही. पण हे सगळं ज्या बाईला सांगायचं ती घरात नव्हती. आणि जी घरात होती, जिच्या शब्दावर गोळ्या देव्हाऱ्यामागे राहिल्या होत्या, तिला हे सांगावं असं आमच्या कुठल्या मार्गदर्शक सूचनेत ठळक लिहिलेलं मला आठवत नाही. सूचनांमध्ये 'लाभार्थी' ही एकटी असते. तिला सासू नसते, जाऊ नसते, नवरा नसतो, पहाटेचा स्वयंपाक नसतो.

सून नंतर हातपंपावर भेटली. सासूपुढे जे बोलली नसती ते ती तिथे बोलली. पहिल्या गोळ्या तिने सकाळी उठल्या उठल्या घेतल्या होत्या. "इतकं मळमळलं ताई, तव्यावरच्या भाकरीचा वास नको वाटाया लागला." मग दोन-तीन दिवसांनी शौच काळं दिसलं. तिला वाटलं आतून रक्त जातंय. घाबरली, पण कुणाला बोलली नाही, कारण असल्या गोष्टी कुणाला बोलणार? गोळी बंद केल्यावर दोन दिवसांत सगळं पहिल्यासारखं झालं, आणि तिची खात्री पटली.

अंगात न जिरलेलं लोह बाहेर पडतं म्हणून शौच काळं होतं, त्यात भिण्यासारखं काही नाही. हे एक वाक्य गोळीच्या पहिल्या पाकिटाबरोबर तिला मिळायला हवं होतं. माझ्या अनुभवात गोळी बंद पडण्यामागे याइतकं मोठं आणि याइतकं सहज टाळता येणारं दुसरं कारण नाही. प्रशिक्षणात मी आता गोळीचे फायदे सांगण्याआधी गोळीचा त्रास सांगायला लावते. मळमळेल, तोंडाला लोखंडासारखी चव येईल, पोट घट्ट होईल, शौच काळं होईल. त्रास आधी सांगितला की तो होतो तेव्हा बाई म्हणते, आशाताई म्हणल्याच होत्या. आणि बोलणाऱ्यावरचा तिचा विश्वास वाढतो.

आता वेळेचं बघा. आमचा सल्ला असा: गोळी उपाशीपोटी त्रास देत असेल तर जेवल्यावर घ्या. चहासोबत घेऊ नका, चहाने लोह नीट जिरत नाही. कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको, दोन्हींत अंतर ठेवा. लिंबू किंवा आवळा सोबत असला तर उत्तम. प्रत्येक शब्द बरोबर आहे. आणि हा सल्ला पाळायला बाईच्या हातात तिचा स्वतःचा दिवस असावा लागतो. या सुनेचा दिवस पहाटे पाचला भाकरीने सुरू होतो. ती शांत बसते फक्त चहा घेताना, म्हणून गोळीही तेव्हाच आठवते. दुपारचं जेवण रानात, गोळी घरी. रात्री आधी पुरुष, मग पोरं, मग सासूबाई, आणि सगळ्यांत शेवटी ती, जे उरलं असेल त्यावर. भांडी घासून पाठ टेकते तेव्हा गोळी कुणाला आठवेल? 'जेवल्यावर' या आमच्या एका शब्दात त्या घराची जेवायची सगळी रीत येऊन बसते, आणि ती बदलायचा अधिकार त्या घरात सगळ्यांत कमी जर कुणाला असेल तर तिलाच.

आशाताई पुढच्या खेपेला गेल्या तेव्हा त्यांनी चित्रांचा तक्ता पिशवीतून काढलाच नाही. सासूबाईंजवळ बसून शेंगा फोडायला लागल्या आणि विचारलं, "मावशी, तुमची बाळंतपणं कुठं झाली?" सगळी याच घरात. तिसऱ्या खेपेला अंगावरून फार गेलं होतं. सुईणीने पोट चोळलं, खाटेच्या पायाखाली विटा लावल्या. पुढचे कितीतरी दिवस त्यांना उभं राहिलं की अंधारी यायची. आशाताई म्हणाल्या, तेव्हा तुमच्या अंगात रक्त शिल्लकच नव्हतं मावशी, म्हणून तसं झालं. ही गोळी लेकरासाठी नाही, तुमच्या सुनेवर ती वेळ येऊ नये म्हणून आहे. आणि मग त्यांनी काम सोपवलं. गोळ्या तुमच्याजवळच ठेवा, रात्री ती जेवली की तुमच्या हातानं द्या, वर लिंबू पिळून पाणी.

त्या घरात त्यानंतर जे बदललं ते गोळीपेक्षा मोठं होतं. गोळी द्यायची तर सून जेवली पाहिजे, आणि सासूबाईंना लवकर झोपायची सवय. म्हणून सून त्यांच्याबरोबर ताटावर बसायला लागली. आशाताई दर भेटीला रिकामी पाकिटं बघत होत्या. पुढच्या दोन तपासण्यांत हिमोग्लोबिन आठावरून दहाच्या घरात आलं. अकराच्या वर ते शेवटपर्यंत गेलं नाही. पण आठावर बाळंत होणं आणि दहावर होणं यातलं अंतर मला ठाऊक आहे, आणि त्या अंतरासाठी मी या आशाताईंची ऋणी आहे.

मात्र ही युक्ती सगळीकडे चालवावी, असं मी म्हणणार नाही. ही गोष्ट एका प्रशिक्षणात सांगितली तेव्हा एक तरुण आशा उठून म्हणाली, "मॅडम, माझ्या गावात एक जण हे, तिचा मोबाईल सासूकडं, पैसे सासूकडं, माहेरी कधी जायचं ते सासू ठरवती. आता गोळी पण तिच्याच हातात द्यायची?" या प्रश्नाला मी अजून पुरी पडलेली नाही. सासूला सोबत घेतलं की गोळी पोटात जाते हे खरं, आणि आधीच जड असलेल्या हाताला आपण आणखी वजन देतो हेही खरं. त्या घरात त्या आशाने थोरल्या जावेला धरलं. दोघी विहिरीवर बरोबर जायच्या, जाऊ पदराच्या गाठीला गोळी बांधून न्यायची. आणखी एका घरात नवऱ्यालाच सांगावं लागलं. घर ओळखल्याशिवाय हे ठरवता येत नाही. आणि घर ओळखायला वेळ लागतो. सासूशी शेंगा फोडत अर्धा तास बसल्याचं मानधन मात्र कामाच्या हिशेबाने पैसे मिळणाऱ्या आशाताईंना कुठल्याही रकान्यात मिळत नाही. त्यांची संध्याकाळ मोबाईलवर माहिती भरण्यात जाते.

याबाबतीत बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेचं काम मला फार शिकवून गेलं. 1980 ते 1990 या दहा वर्षांत त्यांच्या बायका घरोघर फिरल्या आणि जुलाबावर चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाण्याचं मिश्रण कसं करायचं ते आयांना शिकवलं. 1 कोटी 20 लाखांहून जास्त घरांत त्या पोचल्या. किती घरं केली यावर त्यांचा मोबदला ठरत नव्हता. नंतर दुसरं कुणीतरी त्यातल्या काही घरी जाऊन आईला विचारायचं, करून दाखवायला लावायचं, आणि तिच्या लक्षात किती राहिलं त्यावर शिकवणारीला पैसे मिळायचे. एवढं करूनही सुरुवातीला कळलं की आयांना मिश्रण करता तर येतं, पण मूल आजारी पडल्यावर त्या ते फारसं करत नाहीत. शोध घेतल्यावर दोन गोष्टी निघाल्या. शिकवणाऱ्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता, स्वतःला जुलाब झाले की मिश्रण सोडून त्या जुलाब थांबवायच्या गोळ्या घ्यायच्या. आणि पुरुषांना कुणी विचारलंच नव्हतं. मग शिकवणाऱ्यांना मिश्रण कसं काम करतं ते नीट समजावलं, आणि बाजारात, मशिदीत पुरुषांशी बोलणं सुरू केलं. तेव्हा कुठे वापर वाढला.

मला यातली पहिली गोष्ट जास्त टोचते. आमच्या आशाताईंपैकी कितीजणींचं स्वतःचं हिमोग्लोबिन आम्ही कधी तपासलं? त्यांच्या घरी रात्री शेवटी कोण जेवतं?

इतकं लांब जायचीही गरज नाही. बीडच्या शेजारी जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे 1970 साली आले ते दवाखाना घेऊन, पण लोकांची निकड अन्नाची आणि पाण्याची होती, तेव्हा त्यांनी कामाला तिथूनच हात घातला. गावोगाव ज्या आरोग्य सेविका उभ्या राहिल्या त्यांतल्या बऱ्याचजणी दलित, बऱ्याचजणी निरक्षर. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि परत आपल्याच गल्लीत जायच्या. जोडीला पुरुषांची शेतकरी मंडळं होती. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं आणि नवजात बाळाची काळजी घरात, आजी आणि आईच्या देखत घेतली. 1999 साली त्यांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. 2011 पासून त्याच धर्तीवर देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी भेट देतात, दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर सहा भेटी, घरच्यानंतर सात. भेटींचे दिवस देशभर गेले. त्या भेटीत किती वेळ बसायचं, कुणाशी बोलायचं, आणि शिकवणारी व्यक्ती महिन्याला किती वेळा सोबत यायची, हे तितक्या सहजी गेलं नाही. आदेशाने दिवस ठरवता येतात. ओळख दरवेळी नव्याने करावी लागते.

बीडमध्ये आणखी एक गोष्ट आहे जिच्यापुढे वरची सगळी शहाणपणाची बोलणी थिटी पडतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथल्या कितीतरी घरांतली कर्ती माणसं ऊसतोडीला निघतात. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची, म्हणून सांगली-कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटक. परत यायचं ते मार्च-एप्रिलमध्ये. गरोदर बाईही जाते, कारण एकट्याचा कोयता होत नाही. म्हातारी माणसं मोठ्या पोरांना घेऊन गावात राहतात. म्हणजे जिच्या हातून गोळी जाणार ती सासूबाई गावात, आणि सून उसाच्या फडात. तिकडच्या आशाच्या यादीत तिचं नाव नसतं. इकडच्या यादीत तिच्यापुढे 'स्थलांतरित' लिहिलेलं असतं.

अशाच एका बाईने मला जे सांगितलं ते कुठल्याही पुस्तकात वाचायला मिळालं नसतं. गोळ्या तिने बरोबर नेल्या होत्या, सवयही होती. "फडात मी पाणीच कमी पिते ताई. आडोसा नसतो, कुठं जायचं? पाणी कमी आन् त्यात गोळीनं घट्ट होतं. मग अंधारात जाऊन बसावं लागतं, तंवर टोळी उसाला लागती. एका दिवसाचा खाडा झाला की मुकादम पैसे कापतो." तिने गोळी सोडली. तिच्या जागी मी असते तर मीही सोडली असती. तिला समुपदेशनाची गरज नव्हती. तिला संडास हवा होता, प्यायचं पाणी हवं होतं, आणि आजारपणाच्या दिवसाचे पैसे कापले जाणार नाहीत ही हमी हवी होती. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या, विधिमंडळापर्यंत प्रश्न गेला, समिती नेमली गेली. त्या शस्त्रक्रियांमागे डॉक्टरांचा लोभ होता तसा हा खाड्याचा हिशेबही होता. पाळीत फार अंगावर जाणारी बाई महिन्यातले काही दिवस कोयता धरू शकत नाही, आणि त्या दिवसांची किंमत घराला परवडत नाही. तिच्या अंगातलं रक्त कमी का, याचं उत्तरही तिथेच आहे.

म्हणून मला वाटतं, आमच्या नोंदवह्यांमध्ये 'किती गोळ्या दिल्या' याच्या शेजारी आणखी दोन प्रश्न हवेत: गोळ्या घरात कुठे ठेवल्या आहेत, आणि रात्री ती कुणाबरोबर जेवते. आशाताई हे डोळ्यांनी बघतातच. त्यांनी बघितलेलं वर पोचायला वाट हवी. महिन्याच्या ग्राम आरोग्य आणि पोषण दिवसाला सुनांबरोबर सासवांनाही बोलावणं हवं, आणि पुरुषांशी पारावर बोलायचं तर त्यासाठी पुरुष कार्यकर्ता हवा. आणि साखर कारखान्याच्या गावातल्या आशाला फडावरच्या कोप्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्या, तिच्या यादीत धरायची मुभा आणि त्याचं मानधन हवं. नाहीतर ती आपल्या चपला झिजवून तिथे का जाईल? तरी काही जणी जातात, हे मी सांगितलं पाहिजे.

हंगाम सुरू व्हायच्या आधी आमच्या पट्ट्यातल्या आशाताई आता निघणाऱ्या गरोदर बायांची यादी करतात. एका वेळी एका महिन्याच्याच गोळ्या द्यायची पद्धत आहे, पण वैद्यकीय अधिकाऱ्याशी बोलून काही ठिकाणी सगळ्या हंगामाच्या मिळतात, काही ठिकाणी नाही मिळत. कार्डाच्या मागच्या पानावर मुकादमाचा आणि कारखान्याच्या गावच्या आशाचा नंबर लिहून देतात. आणि प्रत्येक टोळीत एक बाई शोधतात, शक्यतो वयाने मोठी, जी कोपीवर लहान पोरं सांभाळायला मागे राहते. गोळ्यांचा डबा तिच्याकडे. यंदा अशा एका बाईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, देईन, पण आधी माझं रक्त तपासा, मलाबी चक्कर येती. तपासलं तर साडेसात निघालं. तिचे उपचार सुरू केले, आणि मुकादमाशी बोलून टोळी निघायच्या आधीचा एक दिवस मागून घेतला, बाकीच्या सगळ्या बायांचं रक्त तपासायला.